शिंदळ माकडीच्या कुंडीवरची चिठ्ठी

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात शिंदळ माकडीच्या दहा-बारा कुंड्या मांडलेल्या पाहिल्या. पावसाळा असल्याने करंगळीएवढ्या मांसल खोडांवर पाने आली होती. एका फुटव्याच्या टोकाला गर्द तांबडे, पाच टोकांचे, पिवळ्या नक्षीचे फूल होते आणि त्यावर एक माशी बसली होती. चिठ्ठीवर ‘दुर्मीळ’ आणि किंमत, एवढेच. रोप कुठले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “गडावरून आणलंय.”

या उत्तराने मन अस्वस्थ झाले. शिवनेरी, पुरंदर, महाबळेश्वर अशा सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांखेरीज ही वनस्पती जगात कुठेही आपसूक उगवत नाही. डाल्झेल यांनी 1860च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. काळ्या पाषाणाच्या भेगेत, गुरांचे तोंड पोहोचत नाही तिथे ती तगून आहे. माणसाचा हात मात्र तिथवरही पोहोचतो.

खरे तर कड्याला हात लावण्याची गरजच नाही, इतकी ती छाटावर सहज येते. चार बोटे लांबीचा फुटवा स्वच्छ ब्लेडने कापावा आणि काप कोरडा होऊन त्यावर खपली धरेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावा. जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडे पालापाचोळ्याचे खत अशा निचऱ्याच्या मिश्रणावर तो आडवा टेकवला, तरी खालच्या अंगाने मुळे फुटतात. पहिले काही दिवस पाणी देऊ नये. पावसाळा संपून पाने पिवळी पडू लागली, की नवखे घाबरून पाणी वाढवतात आणि रोप कुजते. ती पानगळ म्हणजे झाडाची विश्रांती आहे. तेव्हा पाणी कमी करावे आणि पिठ्या ढेकणावर तेवढी नजर ठेवावी.

पण एका झाडाच्या शंभर छाटांतून शंभर कुंड्या भरल्या, तरी वाण एकच राहतो. एखादा रोग आला तर तो शंभरांनाही सारखाच झेपेल किंवा झेपणार नाही. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणची मातृरोपे वेगळी सांभाळा आणि बियांपासूनही रोपे करा. ही रुईच्याच कुळातली. हिच्या जोडशेंगा उकलल्या की म्हातारीसारख्या बिया वाऱ्यावर निघून जातात. शेंग पिकत आली की तिला मलमलीची पुरचुंडी बांधा आणि बी ताजे असतानाच पेरा.

रोपवाटिकाधारक मित्रांना आमची कळकळीची विनंती आहे. कड्यावरून उपटलेले रोप कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नका. आपल्या प्रत्येक कुंडीवर मातृरोपाचे मूळ ठिकाण, ते कोणाकडून मिळाले आणि छाट कधी घेतली, या तीन गोष्टी लिहा. उद्या एखादा कडा ढासळला आणि तिथली झाडे पुन्हा लावायची वेळ आली, तर त्याच कड्याच्या वंशाचे रोप कोणते, हे फक्त तुमची चिठ्ठी सांगू शकेल.