ओव्याची पुडी

“मॅडम, चहा?” या प्रश्नाला गेली अकरा वर्षं मी रमजानमध्ये एकच उत्तर देत आले: “नको, ॲसिडिटी झालीय.”

खरं तर कॉलेजात मला कुणी कधी वावगं बोललेलं नाही. पण ‘रोजा आहे’ म्हटलं की “पाणीसुद्धा नाही?” इथपासून सुरुवात होते आणि अर्धा तास कौतुक, काळजी, शंका. त्यापेक्षा ॲसिडिटी सोपी. हे झालं वरवरचं कारण. कर्वेनगरात भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा आडनाव ऐकताच एका घरमालकाचा आवाज बदलला होता. तेव्हापासून लिफ्टमध्ये अम्मीचा फोन आला की माझं उर्दू आपोआप हळू होतं. कुणी सांगितलेलं नसताना.

उर्दूत सवयीला आदत म्हणतात. शब्द मूळचा अरबी, ‘परत येणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. माझी ॲसिडिटीही दर रमजानला अशीच परत येत राहिली.

यंदा पहिल्याच रोज्याला आमच्या शिपाई मावशी ओव्याची पुडी घेऊन आल्या. “दरवर्षी याच सुमाराला होतं तुम्हाला. आत्ता माझ्यासमोर खा, वर गरम पाणी आणते.” म्हणजे रोजा तरी मोडायचा, नाहीतर आणखी एक खोटं रचायचं. मी म्हटलं, “मावशी, माझा रोजा आहे. आधीही रोजाच असायचा.”

त्या पुडीकडे बघत राहिल्या. “मग सांगायचं ना! मी उगाच जीव टाकत होते.”

या मावशी संकष्टीला “आज मला उपास” असं अख्ख्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं सांगतात आणि चंद्र उगवेपर्यंत थांबतात. मी सूर्य मावळायची वाट बघते आणि कारण लपवते. खोटं बोलणं जो सोडत नाही, त्यानं अन्नपाणी सोडल्याची अल्लाहला गरज नाही, या आशयाची हदीस लहानपणापासून ऐकलेली. पण ती मी नेहमी दुकानदार, पुढारी, शेजारी यांना लावून पाहिली. आपली खोटी सौजन्यं आपल्याला खोटी वाटतच नाहीत. भुकेपेक्षा हे सोडायला जड जातं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

ज्यांच्या नावानं आमचा भाग ओळखला जातो, त्या महर्षी कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं आणि पत्नीला घेऊन ते आपल्या मुरूड गावी गेले. गावानं बहिष्कार घातला. पुण्यात गुपचूप संसार थाटून गप्प राहणं त्यांनाही सोपं होतं. पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते हिंगण्याच्या आश्रमात पायी यायचे, ते हिंगणं म्हणजे आमचाच परिसर. त्यांच्यापुढे माझी ॲसिडिटी फारच किरकोळ. किरकोळ होती म्हणूनच बहुधा अकरा वर्षं टिकली.

मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी किटली घेऊन दारात उभ्या.

“मॅडम, चहा?”

“रोजा आहे, मावशी.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या, “मला विचारायची सवय लागलीय.”