निसर्गकविता कोणाची?

निसर्गकविता ही पोट भरलेल्यांची करमणूक आहे, असे आपल्या चळवळीतील अनेक जाणत्या मित्रांचे मत आहे. ज्या समाजाला ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला, पडीक जमिनीसाठी १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तुरुंगात जावे लागले, त्याने पानाफुलांची गाणी का गावीत, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. निष्कर्ष मला मान्य नाही.

या भूमीतील निसर्गकवितेचा एक फार जुना ठेवा पाली वाङ्मयात, म्हणजे आपल्याच वारशात आहे. खुद्दक निकायातील ‘थेरगाथा’ या ग्रंथात २६४ थेरांच्या गाथा संग्रहित आहेत. महाकस्सप थेर त्यांत मेघवर्णी डोंगरांचे आणि मोरांच्या केकांचे वर्णन करतात. सप्पक थेर काळ्या ढगाला भिऊन आसरा शोधणारी पांढरी बगळी टिपतात. याच ग्रंथात सुनीत थेरांचीही गाथा आहे. सुनीत हे हीन मानल्या गेलेल्या कुळातले. कोमेजलेली, टाकून दिलेली फुले झाडून नेणे हे त्यांचे पूर्वायुष्यातील काम. फुलाकडे पाहणारा आणि फुलांचा कचरा उचलणारा, दोघांचेही शब्द एकाच संग्रहात जपले गेले. जगाच्या वाङ्मयात असा संग्रह विरळाच!

शाळेत मात्र आपण फूल दाखवतो आणि झाडू लपवतो. बालकवींची (१८९०–१९१८) ‘श्रावणमास’ ही कविता मी दरवर्षी आनंदाने शिकवतो. तिच्या नादावर माझे प्रेम आहे. परंतु ‘पाऊस आल्यावर तुम्हांला काय वाटते?’ या प्रश्नाला मागे एका विद्यार्थिनीने लिहिले होते, “पाऊस लागला की आईचा रोज बुडतो.” मार्गदर्शिकेत अपेक्षित उत्तर ‘आनंद होतो’ असे होते. मी तिला पूर्ण गुण दिले. पावसाविषयीचे ते अधिक अचूक विधान होते.

म्हणून बालकवींना वगळण्याची गरज नाही. त्यांच्या शेजारी आणखी काही कवी बसवावेत. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली. शेत त्यांनी राबून पाहिले होते. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) पळसखेड्याच्या मातीतून आल्या. तरीही स्वतःचे रान असणाऱ्याची कविता आणि दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणाऱ्याची कविता यांत अंतर राहतेच. ही दुसरी कविता आपल्या घरांत आहे, फक्त ती छापलेली नाही.

हिमायतनगर परिसरातील आपली मुले पैनगंगेच्या काठची, किनवटच्या जंगलालगतची आहेत. सहस्रकुंडाचा धबधबा त्यांना सहलीपुरता ठाऊक नाही. मोह केव्हा गळतो, तेंदूपाने कोणत्या दिवसांत तोडतात, पळस फुलला की घरात कोणते काम निघते, हे त्यांच्या आज्यांना तोंडपाठ आहे. जात्यावरच्या ओव्यांत, वेचणीच्या गाण्यांत ते सारे आले आहे आणि त्या म्हाताऱ्या एकेक करून जात आहेत.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. ती म्हणेल ते तिच्याच बोलीत, शुद्धलेखनाची चिंता न करता उतरवून घ्या. खाली तिचे नाव आणि गाव लिहा. ती वही शाळेच्या ग्रंथालयात थेरगाथेशेजारी ठेवण्याची व्यवस्था मी करतो.