भूगर्भाचे दप्तर कोणाच्या हाती?

ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती जमीन, हे कुंडलच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारने या मुलखात न्यायदान मंडळे चालविली, तेव्हा सावकाराच्या पेटीतील कागदांचाही हिशेब झाला होता. आज तसेच एक दप्तर समुद्रतळाखालच्या भूमीचे तयार होत आहे, आणि त्याकडे आपल्या चळवळीचे लक्ष नाही.

भूकंपीय सर्वेक्षण म्हणजे धरणीला दिलेली हाक. जमिनीवर सुरुंग लावून, समुद्रात दाबलेल्या हवेचे स्फोट करून लहरी खाली सोडतात. थराथरांवरून परतणारे पडसाद टिपून खडकांचा नकाशा काढतात. तेल शोधणारा प्रथम हा नकाशा विकत घेतो. तो पुरविणे हा बड्या कंपन्यांचा स्वतंत्र धंदा आहे. एकच माहिती त्या अनेक गिऱ्हाइकांना विकतात. २०१४ साली केंद्र सरकारने या पद्धतीला धोरण म्हणून मान्यता दिली.

कुंडलखाली तेल नाही म्हणून हा प्रश्न परका ठरत नाही. (कोयनेच्या परिसरात खोल छिद्रे घेतली, तेव्हा काळ्या पाषाणाखाली थेट ग्रॅनाइटच लागला.) मुंबई हायचा शोध जनतेच्या पैशातून लागला. साठीच्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या साहाय्याने सर्वेक्षण झाले, १९७४ साली 'सागर सम्राट'ने तेल काढून दाखविले. पन्ना, मुक्ता व ताप्ती ही क्षेत्रेही तेल व नैसर्गिक वायू आयोगानेच शोधली. शोधाचे सारे जोखीम सार्वजनिक क्षेत्राने पत्करले आणि डिसेंबर १९९४ च्या करारान्वये त्यांत एन्रॉन व रिलायन्स यांना प्रत्येकी ३० टक्के वाटा मिळाला. शोधणाऱ्याकडे उरले ४० टक्के!

कंपनी स्वतःचा पैसा घालते, मग नफा का घेऊ नये, असे विचारले जाते. परंतु समुद्र तिचा नाही, आणि कोठे शोधावे हे सुचविणारी जुनी माहितीही सार्वजनिक खर्चाने जमलेली आहे. नव्या सर्वेक्षणाची प्रत सरकारकडे जाते हे खरे. पण ती वाचणारे तज्ज्ञ व यंत्रे आपल्याजवळ नसतील, तर ती प्रत कपाटातच राहणार. म्हणून अशा प्रत्येक परवान्याच्या अटी आणि या विक्रीचा हिशेब संसदेपुढे ठेवला पाहिजे, आणि आयोगाची उत्तराधिकारी असलेल्या ओएनजीसीची स्वतःची सर्वेक्षणपथके कंत्राटदारांच्या हाती न देता वाढविली पाहिजेत. केबली अंथरणाऱ्या हंगामी मजुराला कायम नोकरी मिळण्याचा मार्गही तोच आहे.