भाकरी करणारीच्या ताटात काय उरते?

घरचे जेवण ते घरचे जेवण, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही भागातल्या खेड्यात जा. ज्वारीची भाकरी, वरण नाहीतर पिठलं, एखादी पालेभाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी आणि कांदा असे साधे जेवण अजूनही पुष्कळ घरांत होते. आहारशास्त्राच्या दृष्टीने त्यात नाव ठेवण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच आहे, की हे सारे जी रांधते तिच्या ताटात त्यातले किती येते?

आपल्याकडची रीत अशी, की आधी पोरं, मग गडीमाणसं, नंतर सासू आणि सगळ्यांची ताटं उचलल्यावर सून. तोपर्यंत दुरडीत भाकरी असते, पण वरणाचे पातेले खरवडलेले असते आणि भाजी संपलेली असते. मग ठेचा-भाकरी. तिला मुद्दाम कोणी उपाशी ठेवत नाही, म्हणूनच ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. तिच्याही येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली सुचविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागते आणि बाईला 29. दर महिन्याच्या पाळीत तिचे रक्त जाते, हे त्याचे कारण. म्हणजे जिला अधिक हवे तिलाच आपण उरलेसुरले देतो. शंभर ग्रॅम ज्वारीत लोह असते सुमारे 4 मिलिग्रॅम. तीन भाकरी खाल्ल्या तरी आकडा 10-12 च्या पुढे सरकत नाही. राहिलेले लोह डाळ, पालेभाजी, तीळ यांतून यायचे, आणि नेमके तेच पहिल्या पंगतीत संपलेले असते! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी 54 जणींना रक्तक्षय आढळला, यात मग नवल ते काय?

दम लागणे, चक्कर येणे, हळदीच्या वावरात दुपारपर्यंतच हातपाय गळून जाणे, याला घरात 'अशक्तपणा' म्हणतात आणि एक सलाईन लावून घेतात. सलाईनच्या बाटलीत बहुधा मिठाचे किंवा साखरेचे पाणी असते, लोह नसते. तेवढ्या पैशात महिनाभराची डाळ येईल.

यावर जुन्या बायका म्हणतात, "आम्ही नाही का असंच खाऊन राहिलो?" त्यांच्यातल्याही कितीजणी बाळंतपणात दगावल्या, हे त्या सांगत नाहीत. पण त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. त्यांच्या वावरात ज्वारीसोबत तूर, मूग, तीळ असायचे, कडेला अंबाडी असायची. भाजी विकत आणायची वेळ क्वचितच येई. आज बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन, नाहीतर हळद. पैसा येतो, येऊ द्या. परंतु भाजी आठवडी बाजारातून येते आणि चार दिवसांत संपते. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो, आणि पांढऱ्या तांदळात लोह ज्वारीपेक्षा पुष्कळच कमी. तेव्हा चार ओळी तुरीच्या, दोन तिळाच्या आणि विहिरीजवळ वाफाभर मेथी-अंबाडी एवढी जागा घरासाठी सोडणे कोणत्याही शेतकऱ्याला जड जाऊ नये.

घरात करायचे ते याहून सोपे आहे. वाढायला सुरुवात करण्यापूर्वीच करणारीची भाजी आणि वरण वेगळ्या वाटीत काढून ठेवावे. ही वाटी सासूने किंवा नवऱ्याने काढली तर उत्तम. सून स्वतःहून काढणार नाही. रात्रीचे तरी सर्वांनी एकत्र बसावे. भाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबावे. चहाने लोह शोषले जात नाही.

ज्यांना थकवा वाटतो त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली असेल तर नुसत्या आहाराने भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या तिथे मोफत मिळतात. गोळीने शौचाला काळे होते. त्याला भिऊन अनेकजणी आठ दिवसांत गोळ्या बंद करतात. तसे करू नये. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी आणि तरीही सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी.