हलकी चाके आणि आंबेनळीचा चढ

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे 40 किलोमीटर, चढ तेराशे मीटरच्या आसपास. घाट सायकलने चढायचा म्हटले की हौशी मंडळी आधी हलक्या चाकांची किंमत विचारतात.

हिशेब करून पाहावा. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो. चाकांत अर्धा किलो वाचला, म्हणजे जेमतेम 0.6 टक्के. तीन तासांच्या चढाईत मिनिटभराचा फायदा. फिरत्या कडेचे वजन वेग वाढवताना जाणवते खरे, पण घाटात वेग वाढतो कुठे? महाडच्या सपाट रस्त्यावर तर फरक कळणारही नाही. स्पर्धकाची गोष्ट वेगळी.

वजनासाठी पाण्याची बाटली कमी करणारेही असतात. मे महिन्याच्या उकाड्यात हा निव्वळ वेडेपणा.

त्यापेक्षा मागे मोठी दातेरी चकती बसवावी. गुडघ्यांवरचा ताण खरोखर कमी होतो. उतारासाठी चांगले टायर, नवे ब्रेक पॅड, हेल्मेट. सतत ब्रेक दाबून कार्बनची रिम तापते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. आणि चाळिशी ओलांडलेल्याने घाटाआधी रक्तदाब तपासून घ्यावा, छातीत कधी दुखले असेल तर ईसीजीही. खर्च एका टायरहून कमीच येतो.