गुळवेलीचा बाजार कोणाच्या हाती?

शहापूर तालुक्यात शेणव्याकडच्या कातकरी वाड्यांना गुळवेल नवी नाही. तिला कारखानदार गिऱ्हाईक मिळाले, हे मात्र नवे. शहापूरच्या वनधन केंद्राकडे डाबर, बैद्यनाथ व हिमालया या कंपन्यांनी १ कोटी ५७ लाख रुपयांच्या ३५० टन गुळवेलीची मागणी नोंदविल्याचे २०२१ च्या सुमारास सरकारी प्रसिद्धिपत्रकांतून सांगण्यात आले. आकडा डोळे दिपविणारा खरा; पण भागाकार केला तर किलोमागे पंचेचाळीस रुपयेही पडत नाहीत. त्यातूनच तोडणी, वाळवणी व वाहतूक भागवावयाची.

केवळ मागणी वाढल्याने धंदा किफायतशीर होत नाही. हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली कसोटी वेगळी आहे: नवे प्रतिस्पर्धी किती सहज शिरतात, गिऱ्हाईक किती बलवान आहे, पर्यायी माल कोणता, इत्यादी. या कसोटीस गुळवेल उतरत नाही. कांडे रोवले की ती भारताच्या बहुतेक प्रांतांत फोफावते. मग नव्या विक्रेत्यास अटकाव कसला? विकणारे असंख्य, घाऊक घेणारे मोजके. शिवाय २०२० मधील मागणी कोविडच्या भीतीने फुगलेली होती. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन व यकृतविकार यांचा संबंध दर्शविणारा निबंध प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने तो अमान्य केला, तरी ग्राहकाच्या मनात किंतु राहिलाच.

भाव कोसळला तर कंपनी दुसऱ्या जिल्ह्याकडे वळेल. कातकरी कुटुंबास मात्र वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन दिवाळीनंतर झोपडीचे दार लावावे लागेल. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे एकाधिकार खरेदीही आली. पण व्यापाऱ्याची जागा महामंडळाने घेतली तरी आदिवासी कच्चा माल देणाराच राहिला.

वस्तुतः त्या वादातच एक वाट आहे. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी तिची गल्लत होते, असे आयुष मंत्रालयानेच म्हटले होते. अचूक पारख ही रानात वाढलेल्या माणसाची मिरासदारी; खात्रीचा, प्रमाणित, दळून बांधलेला माल देणाऱ्यास कंपनी सहजी सोडणार नाही. परंतु त्यासाठी भाव पडला असता माल रोखून धरण्याची ताकद हवी. ती प्रशिक्षण शिबिरांतून येत नाही. कोरडे गोदाम व वेल आणणाऱ्याच्या हाती त्याच दिवशी पैसे ठेवण्याइतके खेळते भांडवल, एवढे तरी महामंडळाने भट्ट्यांचा हंगाम लागण्यापूर्वी पुरवावे.