विश्लेषण : फवारणीचे विष पेशीत काय करते?

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरात नेमका कुठे घाव घालतात?

रिसेप्टर म्हणजे काय?

पेशीच्या आवरणावरील प्रथिनांचे हे ‘कुलूप’. मज्जातंतूतून येणारे अ‍ॅसिटिलकोलीन ही त्याची किल्ली. काम झाले की कोलिनेस्टरेज हे विकर ती किल्ली मोडून टाकते. कीटकनाशक या विकरालाच निकामी करते. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचते आणि कुलूप उघडेच राहते. लाळ, घाम, आकसलेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास कोंडणे, ही त्याची लक्षणे.

हे दिसते कसे?

जेलीफिशमधील हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनावरील कामासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे प्रथिन रिसेप्टरमध्ये गुंफून बायोसेन्सर बनतो. २०१८ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी मस्करिनिक रिसेप्टरपासून असा सेन्सर तयार केला. अ‍ॅसिटिलकोलीन चिकटताच रिसेप्टरचा आकार बदलतो आणि चकाकी वाढते. पेशी न मारता, घटना घडत असतानाच ती सूक्ष्मदर्शकाखाली टिपता येते.

उपचाराशी संबंध काय?

विषबाधेत दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन याच मस्करिनिक रिसेप्टरला अडवते. म्हणून लाळ आणि छातीतील स्राव आटोक्यात येतो. स्नायूंवरील रिसेप्टर वेगळे असल्याने तिथे अ‍ॅट्रोपिन चालत नाही. शिवाय, शेतात अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र फवारली जातात. प्रत्येकाचा घाव वेगळा असतो. त्यामुळे डब्याचे लेबल डॉक्टरांना दाखवणे महत्त्वाचे.

मग यवतमाळला काय हवे?

बायोसेन्सर प्रयोगशाळेतले साधन आहे, रुग्णाच्या तपासणीचे नाही. फवारणी करणाऱ्यासाठी कोलिनेस्टरेजची रक्तचाचणी उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी औषधे हाताळणाऱ्या कामगारांची हंगामापूर्वीची पातळी नोंदवली जाते. लाल रक्तपेशींतील पातळी मूळच्या ७० टक्क्यांवर उतरली, की त्यांना फवारणीपासून दूर ठेवतात. आपल्याकडे मात्र चाचणीचा विचार बहुधा माणूस खाटेवर आल्यावरच होतो. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला आधी इशारा मिळायला हवा. त्यासाठी महागडा सूक्ष्मदर्शक लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात हंगामापूर्वी रक्त तपासण्याची सोय लागते.